भिजलेली भिंत ठेवायची की कापायची?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुर्ला, कलिना भागांतल्या तळमजल्यांवर छातीएवढं पाणी चढलं. ते ओसरल्यावर लोकांनी गाद्या फेकल्या, फ्रिज फेकले, फुगलेली कपाटं फेकली. भिंती मात्र जागच्या जागी राहिल्या. गाळ खरवडून काढला, भिंती धुतल्या, पुढे कित्येक महिने घराला कुबट वास येत राहिला, रंगाचे पोपडे सुटले आणि सवडीने पुन्हा रंग लागला. जेमतेम पाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्सचे पूरबांध फुटले, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि पाणी कित्येक आठवडे साचून राहिलं. ते उपसल्यानंतर लोक हातोडे आणि पहारी घेऊन आपल्याच घराच्या भिंती फोडायला लागले. घराघरांसमोर चुरा झालेल्या पांढऱ्या भिंतींचे ढीग लागले आणि आत उरला तो लाकडी खांबांचा सांगाडा.

मुंबईची भिंत विटांची होती, वर वाळू-सिमेंटचा गिलावा. न्यू ऑर्लिन्समधल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती ड्रायवॉलच्या होत्या: लाकडी खांबांना स्क्रूने बसवलेले, जेमतेम अर्धा इंच जाडीचे जिप्समचे बोर्ड. न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनमध्ये स्थायिक झालेलं मराठी कुटुंब याच भिंतींच्या घरात राहतं. आणि पुण्या-मुंबईतल्या वाचकाने ‘आपला काय संबंध’ म्हणण्याआधी एकदा मान वर करून पाहावं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत दिवाणखान्यात जे फॉल्स सीलिंग आलं, ते बऱ्याच घरांत याच बोर्डाचं आहे. ऑफिसांतल्या केबिनच्या भिंती तर सर्रास त्याच्याच.

या बोर्डाच्या पोटात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, तेही थोडंथोडकं नाही: वजनाच्या सुमारे २१ टक्के. जिप्सम १५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी. तिच्यात पुन्हा पाणी घातलं की गेलेलं पाणी परत स्फटिकात शिरतं, सुयांसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात आणि लगदा दगडासारखा घट्ट होतो. कारखान्यात हाच लगदा कागदाच्या दोन लांबलचक पट्ट्यांमध्ये ओततात आणि घट्ट झाल्यावर कापतात. कागद आणि प्लास्टरचे थर एकत्र दाबून केलेल्या तक्त्याचं पेटंट ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन उद्योजकाने १८९४ मध्ये घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं झटपट उभी करण्याची घाई झाली तेव्हा त्या तक्त्याच्या वंशजाने गवंड्याच्या गिलाव्याला अमेरिकेतून जवळजवळ हद्दपारच केलं. गिलावा वाळायला आठवडे लागत. बोर्ड दोन-चार दिवसांत ठोकून होत.

आगीपुढे हा बोर्ड चिवट असतो. तापला की स्फटिकातलं पाणी वाफ होऊन निघतं आणि ते संपेपर्यंत बोर्डाची पलीकडची बाजू फार तापत नाही. पोटात एवढं पाणी बाळगणारी भिंत बाहेरच्या बादलीभर पाण्याने मात्र हतबल होते, हा तिच्या स्वभावातला विनोद आहे.

यात जिप्समचा दोष वाटतो तेवढा नाही. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पीओपीच्या गणेशमूर्ती विसर्जनानंतर दिवसेंदिवस तशाच का राहतात याचं उत्तर हेच. म्हणून तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरच्या विसर्जनासाठी बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालण्याची पद्धत सुचवली. भिजलेलं जिप्सम मऊ पडतं, त्याची ताकद बरीच घटते, छताला असेल तर स्वतःच्या वजनानेच ते झोळ खातं. पण थोडक्यात भिजून लवकर वाळलं तर पुष्कळसं सावरतंही. न सावरणारी गोष्ट म्हणजे त्याच्यावरचा कागद. कागद म्हणजे सेल्युलोज आणि ओला सेल्युलोज म्हणजे बुरशीला वाढलेलं पान. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच. त्यांना कमी असते ती ओल. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ईपीए, म्हणूनच भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा असं सांगते. त्या मुदतीत वाळली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमच्या जाती आधी येतात. ज्या काळ्या बुरशीची अमेरिकेत दहशत आहे, ती स्टॅकिबॉट्रिस, सावकाश आणि बराच काळ ओल्या राहिलेल्या कागदावर येते. ती दिसली तर पाणी कालपरवाचं नाही, एवढं नक्की.

भिजलेल्या बोर्डाबद्दलचा प्रत्येक निर्णय त्यामुळे दोन गोष्टींवर ठरतो: कागद किती वेळ ओला होता आणि पाणी कसलं होतं. घरमालक मात्र बहुधा तिसऱ्याच गोष्टीकडे बघतो, डाग किती मोठा आहे याकडे.

डाग वाचता येतो, हे खरं. ओघळणारं पाणी कागदातले, धुळीतले, लाकडातले विरघळणारे रंग सोबत घेऊन पसरतं. कडेचं पाणी लवकर उडतं, त्याची जागा घ्यायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि सगळा गाळ काठावर टाकून जातं. टेबलावर सांडलेल्या कॉफीचा थेंब वाळल्यावर कडेलाच काळपट का होतो, हे शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये उलगडून दाखवलं होतं, छतावरच्या पिवळसर डागाची गडद किनार त्याच जातीची. एकच किनार असेल तर पाणी बहुधा एकदाच आलेलं. एकात एक तीन-चार किनारी दिसल्या तर गळती येते, थांबते, पुन्हा येते. डाग पिवळट-तपकिरी आणि हाताला कोरडा लागला तर गळती जुनी असू शकते. रंग नुसता किंचित गडद आणि गार लागला तर पाणी आत्ता तिथे आहे.

डागाशिवायही बोर्ड बोलतो. जोडांवरची पट्टी फुगते, स्क्रूची डोकी रंगातून वर येतात, रंगाला फोड येतो, खालची लाकडी पट्टी खांबापासून सुटते. बोटाच्या पेराने ठोकलं की कोरडा बोर्ड खणखणीत वाजतो, भिजलेला बद्द. अंगठ्याने दाबावं: दबला, खड्डा राहिला किंवा कागद चुरगळून सरकला, तर पुढची चर्चा संपली, तो तुकडा जाणार. डाग नसताना नुसता कुबट वास येत असेल तर भिंतीच्या मागच्या बाजूचा कागद आधी सडला आहे, अशी शंका घ्यावी. पुढच्या कागदावर रंगाचं कवच असतं, मागच्यावर काहीच नसतं.

बाजारात दोन टोचण्या असलेलं ओलावामापक यंत्र मिळतं. त्यातली बरीचशी यंत्रं लाकडासाठी बेतलेली असल्याने त्यांचा आकडा जिप्समला जसाच्या तसा लावता येत नाही. घरातली एक खात्रीची कोरडी भिंत आधी मोजायची, मग डागाभोवती मोजत जायचं आणि आकडा कोरड्या भिंतीइतका उतरेल तिथे पेन्सिलने खूण करायची. खुणा जोडल्या की ओलीचा खरा नकाशा मिळतो आणि तो दिसणाऱ्या डागापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठा निघतो.

इथपर्यंत भिंत भिजली आहे एवढंच कळलं. पाणी आलं कुठून, हे शोधण्यात खरा कस लागतो, आणि बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या इथेच. पाणी जिथे शिरतं तिथे क्वचितच टपकतं. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी विजेच्या तारांच्या नळ्यांतून वाहत जाऊन पंख्याच्या हुकापाशी उतरतं. लाकडी घरात ते तुळईच्या पोटाखालून चार-सहा फूट सरपटतं आणि एखाद्या जोडापाशी पडतं. जागेपेक्षा वेळ जास्त भरवशाची. डाग कधी वाढतो, याची आठवडाभर नोंद ठेवली की निम्मे संशयित आपोआप सुटतात.

रोज सकाळी आंघोळींनंतर वाढतो आणि घरची मंडळी गावाला गेली की थांबतो? वरच्या मजल्यावरची नहाणी. फरशांचे सांधे उघडे पडलेले असतील किंवा नहाणी ट्रॅपच्या तोंडाशी फट पडली असेल. खात्रीसाठी वरच्या नहाणीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवतात, त्यात खाण्याचा रंग टाकतात, आणि खाली रंगीत ओल उतरते का पाहतात. वरच्यांनी यासाठी दोन दिवस नहाणी सोडायची असते, त्यामुळे या चाचणीत प्लंबरपेक्षा शेजारधर्माची कसोटी जास्त लागते. दिवसरात्र सारखीच ओल असेल तर दाबाखालची नळाची लाइन. स्वतंत्र मीटर असलेल्या घरात सगळे नळ बंद करून मीटर पाहावा; काटा सरकत असेल तर पाणी कुठेतरी चाललं आहे.

पाऊस पडल्यावर काही तासांनी वाढत असेल तर गच्ची. कोब्याला तडा गेलेला असतो, किंवा पावसाच्या पाइपाच्या तोंडात पानं अडकून गच्चीवर तळं साचलेलं असतं. पाऊस तिरका, एकाच दिशेने वाऱ्यासह आला तरच वाढत असेल तर गच्चीला बोल लावू नये. बाहेरच्या भिंतीची चीर किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीची सुटलेली सिलिकॉनची रेघ शोधावी. कोकणपट्टीत हा प्रकार विशेष.

आणि मग ऐन मे महिन्यात, महिनोन्महिने थेंब न पडलेला असताना, फॉल्स सीलिंगवर डाग उमटतो. वरच्या शेजाऱ्याशी भांडण सुरू होण्याआधी एसीकडे पाहावं. त्याचा पाणी वाहून नेणारा पाइप शेवाळाने तुंबलेला असतो किंवा त्याला उतारच नसतो. नाहीतर सीलिंगच्या वरून जाणाऱ्या गार तांब्याच्या नळीवरचं फोमचं वेष्टन फाटून तिच्यावर दमट हवेतलं पाणी जमत असतं. अमेरिकेतल्या थंड राज्यांत याच्या अगदी उलट ऋतूत असाच चकवा बसतो. फेब्रुवारीत बाहेर सगळं गोठलेलं असताना बाहेरच्या भिंतीलगत छत गळायला लागतं. घरातल्या उबेने छपराच्या वरच्या भागातला बर्फ वितळतो, पाणी खाली वळचणीच्या थंड काठावर येऊन पुन्हा गोठतं, तिथे बर्फाचा बांध तयार होतो आणि त्यामागे तुंबलेलं पाणी छपराच्या खापऱ्यांखालून आत शिरतं. दुमजली घरांत आणखी एक ठरलेला गुन्हेगार असतो: कमोडच्या बुडाशी बसवलेलं मेणाचं कडं. कमोड किंचित हलायला लागला की ते दबतं आणि प्रत्येक फ्लशला चमचाभर पाणी खालच्या छतात जातं.

ओल बाहेरून येते की हवेतलीच बाष्पाची आहे, हे ठरत नसेल तर एक स्वस्त युक्ती आहे. ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवायचा. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर जमलं तर दोष हवेचा, भिंतीकडच्या बाजूवर जमलं तर भिंतीचा.

छताच्या बोर्डाला पोट आलं असेल तर मात्र नोंदी ठेवत बसू नये. भारतात मिळणारा नेहमीचा चार बाय सहा फुटांचा बोर्ड साधारण सव्वादोन चौरस मीटरचा असतो. त्यावर नुसतं एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी वजन २२ किलोच्या वर जातं, म्हणजे बोर्डाने स्वतःइतकाच आणखी एक बोर्ड डोक्यावर घेतला. आधी त्या भागाचा एमसीबी खाली, कारण पाणी दिव्याच्या पॉइंटमधून उतरत असतं. खालचं सामान हलवायचं, बादली ठेवायची आणि पोटाच्या सर्वांत खालच्या जागी स्क्रू-ड्रायव्हरने छोटं भोक पाडायचं. एक भोक बुजवणं सोपं, अख्खं छत सोफ्यावर येणं महाग.

आता ठेवायचं की कापायचं. अमेरिकेत पूर-दुरुस्तीचा व्यवसाय पाण्याचे तीन वर्ग करतो: नळाचं स्वच्छ पाणी, वॉशिंग मशीन किंवा मोरीचं वापरलेलं पाणी, आणि मैल्याचं किंवा पुराचं पाणी. तिसऱ्या वर्गाचं पाणी लागलेला बोर्ड दिसायला कितीही धड असो, जातोच; कागद आणि मागचा इन्सुलेशनचा कापूस धुऊन स्वच्छ होत नाहीत. स्वच्छ पाणी, एक-दोन दिवसांत पकडलेलं, अंगठ्याखाली बोर्ड टणक, वास नाही, तर पंखे आणि एसी किंवा डिह्युमिडिफायर लावून वाळवता येतो. पावसाळ्यात खिडक्या उघडून वाळवण्याची सवय इथे घात करते. जुलैत रत्नागिरीची बाहेरची हवा स्वतःच जवळजवळ भरलेली असते, ती भिंतीतलं पाणी काय ओढणार? या दोन टोकांच्या मधल्या सगळ्या प्रकरणांत अनुभवी कारागीर कापण्याकडे झुकतात आणि ते बरोबर आहे. बोर्ड स्वस्त असतो. बंद भिंतीतली बुरशी पुढे महागात पडते.

बुरशी दिसलीच तर ईपीएची सर्वसाधारण मर्यादा दहा चौरस फुटांची आहे, म्हणजे साधारण तीन बाय तीनचा पट्टा. त्याहून कमी असेल तर एन-९५ मुखपट्टी, हातमोजे, चष्मा घालून घरच्या घरी काढता येते. जास्त असेल किंवा घरात दमेकरी असेल तर जाणत्याला बोलवावं. तिच्यावर ब्लीच ओतणं हा लोकप्रिय पण फसवा उपाय. वरचा काळेपणा जातो, कागदातली मुळं राहतात आणि ब्लीचसोबत आणखी पाणी आत जातं. मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते, त्यामुळे कागद काढणं हाच मार्ग.

पुरानंतर कापायची उंची पाण्याच्या खुणेवर ठरत नाही, कारण बोर्ड पाणी वर शोषतो. खुणेच्या निदान एक फूट वर कापतात. अमेरिकेत पुष्कळदा सरळ चार फुटांवर कापलेलं दिसतं, त्याचं कारण सुताराला विचारावं: बोर्ड चार फूट रुंद आणि आडवा बसतो, त्यामुळे खालचा अख्खा बोर्ड काढून नवा अख्खा बसवणं तुकडे जोडण्यापेक्षा लवकर होतं. नवा बोर्ड बसवण्याआधी आतले लाकडी खांब वाळलेले हवेत, त्यांच्यातली ओल साधारण १५ टक्क्यांपर्यंत उतरलेली. कतरिनानंतरच काय, २०१७ मध्ये हार्वे वादळाने टेक्सासमधल्या नेदरलँड इथे ६०.५८ इंच, म्हणजे दीड मीटरहून जास्त पाऊस ओतला त्यानंतरही, घाईने भिंती बंद करू नका, हाच सल्ला पुनःपुन्हा द्यावा लागला. आपल्याकडच्या फॉल्स सीलिंगला आत लाकडाऐवजी जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्या कुजत नाहीत, पण कापलेल्या टोकांशी आणि स्क्रूंपाशी गंजतात. सीलिंग उघडलं आहे तोवर तेवढं पाहून घ्यावं.

एखाद-दोन फुटांचा तुकडा बदलणं हे घरी जमण्याजोगं काम आहे. ओबडधोबड भोकाचा आधी काटकोनी चौकोन करायचा. आत खांब सापडला तर त्याच्या मध्यावर कापायचं, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही कडांना स्क्रू मारायला लाकूड मिळतं. खांब नसेल तर भोकातून आत लाकडी पट्टी सरकवून जुन्या बोर्डाला स्क्रूने धरायची आणि नवा तुकडा तिच्यावर बसवायचा. स्क्रूचं डोकं कागदात किंचित रुतावं पण कागद फाटू नये. बोर्डाला धरून ठेवणारा कागदच असतो, तो फाटला की स्क्रू नुसता जिप्समच्या भुशात उभा राहतो. जमिनीशी अर्धा इंच फट ठेवायची, लाकडी पट्टीआड ती दिसत नाही आणि पुढच्या वेळी फरशीवर सांडलेलं पाणी बोर्ड पीत नाही. जोडावर कागदी किंवा फायबरची टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे तीन हात, प्रत्येक हात आधीच्याहून रुंद आणि आधीचा पूर्ण वाळल्यावरच. आपल्याकडे घाईत टेप वगळून पुट्टीने जोड भरतात. मग पहिल्याच उन्हाळ्यात तिथे केसासारखी चीर दिसते. अमेरिकेतल्या जुन्या घरांना आणखी एक धोका असतो. तिथे अशा कंपाउंडमध्ये ॲस्बेस्टॉस वापरण्यावर १९७७ मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या भिंतीला तपासणीशिवाय पॉलिश पेपर लावू नये.

रंग शेवटी, आणि थेट रंग नाहीच. राहिलेला डाग पाण्यात विरघळणारा असतो. पाण्यावर आधारित इमल्शन लावलं की त्यातलं पाणी डागाला पुन्हा विरघळवतं आणि तो नव्या रंगातून वर येतो. डाग ‘परत आला’ म्हणून प्लंबरला दोष देणाऱ्यांतल्या काहींचा डाग गेलेलाच नसतो. त्यावर आधी तेलावर किंवा लाखेवर आधारित डागरोधक प्रायमरचा हात लागतो.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न अमेरिकेत विमा कंपनीकडे जातो. ती अचानक फुटलेल्या पाइपाचे पैसे सहसा देते, महिनोन्महिन्यांच्या झिरपण्याचे सहसा नाही, आणि पुरासाठी वेगळा विमा लागतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात येते. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची. वेळेची ती आठवडाभराची नोंद आणि तारखेसह काढलेले फोटो इथे उपयोगी पडतात, कारण नहाणी की गच्ची यावरच सगळा वाद असतो.

नवा बोर्ड घेताना बाथरूम, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या भिंतींलगत हिरवट कागदाचा ओलरोधक बोर्ड मागावा. तो जलरोधक नाही, फक्त सावकाश भिजतो. कागदाऐवजी काचतंतूंचं आवरण असलेले बोर्डही निघाले आहेत. बुरशीला खायला तिथे फारसं काही मिळत नाही. आणि वरच्या नहाणीखाली किंवा एसीच्या पाइपाखाली सीलिंग पुन्हा बंद करताना फॉल्स सीलिंगवाल्याकडून दीड बाय दीड फुटांचं झाकण ठेवून घ्यावं. तो म्हणेल की डिझाइन बिघडतं.